अंडं लांबट का होतं? ड्रोसोफिलाचा अंडाशय सोडवताना चुकतं कुठे

"मॅडम, गोल अंडी मिळाली!" म्हणत धावत येणारा विद्यार्थी दर वर्षी एक तरी असतोच. मी स्लाइड बघते. बहुतेक वेळा ती अंडी माशीनं गोल केलेली नसतात, कव्हरस्लिपनं केलेली असतात. नाशिकमधल्या कॉलेजांत एम.एस्सी.च्या मुलांकडून ड्रोसोफिला या बारीक माशीचा अंडाशय सोडवून त्यातल्या अंड्याचा आकार बघायचं हे प्रॅक्टिकल करून घेताना त्याच त्या चुका इतक्यांदा पाहिल्या, की आता सगळं क्रमानं लिहूनच काढते.

काय बघायचं आहे ते आधी डोक्यात पक्कं हवं. मादीला दोन अंडाशय असतात. प्रत्येकात साधारण १६ ते २० ओव्हॅरिओल, म्हणजे मण्यांच्या माळा. एका टोकाला बारीक मणी, दुसऱ्या टोकाला तयार अंडं. एकेक मणी म्हणजे एग चेंबर. त्याच्या आत १६ बहीण-पेशी असतात: एक ऊसाइट, म्हणजे पुढे अंडं होणारी पेशी, बाकी १५ तिला पोसणाऱ्या नर्स सेल. या सगळ्यांना बाहेरून फॉलिकल पेशींचा एकच थर वेढून असतो. आकार देण्याचं काम हा थर करतो. सुरुवातीला मणी जवळजवळ गोल असतो आणि वाढीच्या चौदा अवस्थांपैकी पाचव्या ते दहाव्या अवस्थेदरम्यान लांबट होतो. या काळात थरातल्या पेशी आपल्याच बाहेरच्या पडद्यावरून, म्हणजे बेसमेंट मेम्ब्रेनवरून, एका दिशेनं सरकतात आणि अख्खा मणी लांबीच्या अक्षाभोवती गरगरतो. वेग मिनिटाला अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोळ्यांनी काही कळायचं नाही. हे फिरणं २०११ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. फिरता फिरता पडद्यातल्या कोलॅजन या प्रथिनाचे तंतू मण्याभोवती आडवे पसरतात आणि पेशींच्या तळातल्या अॅक्टिन या प्रथिनाच्या पट्ट्याही तशाच आडव्या लागतात. कमरपट्टा आवळला की पोट बाजूला सुटत नाही, तसं वाढणाऱ्या मण्याला रुंद व्हायला जागा उरत नाही. मग तो दोन्ही टोकांकडे वाढतो.

म्हणजे ज्यानं आकार दिला तो थर आणि त्याचा पडदा सगळ्यात बाहेर, तुमच्या चिमट्याला सगळ्यात आधी लागणारा. पुढची प्रत्येक पायरी त्याला धक्का लागू नये म्हणून आहे.

१. माशी कोणती, ते आधी ठरवा

आपल्याकडे शेतकरी "फळमाशी" म्हणतात ती आंब्यात, पेरूत अळ्या पाडणारी मोठी माशी. ती वेगळ्याच कुळातली. आपल्याला हवी आहे पिकलेल्या केळ्याभोवती घोंघावणारी बारीक, लाल डोळ्यांची माशी, आपलं चिलट: ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर.

नाशिकमध्ये मोह होतोच, की द्राक्षाच्या हंगामात घड फुटून आंबला की त्यावर हवी तेवढी चिलटं मिळतात, मग स्टॉक कशाला मागवायचा? एका वर्षी एका मुलानं मखमलाबादच्या बागेतून बाटलीभर आणली. अंड्यांवर दोनऐवजी चार शिंगं, म्हणजे कवचावरचे तंतू, दिसली आणि वर्गात म्युटंट सापडल्याची बातमी पसरली. ती झाप्रिओनस नावाची दुसरीच माशी होती. तिच्या डोक्यावरून पाठीकडे चांदीसारखे पांढरे उभे पट्टे जातात आणि तिच्या अंड्याला चार तंतू असतातच. बागेतली माशी ओळखायला शिकण्यासाठी उत्तम, या प्रयोगासाठी नाही. विद्यापीठातून किंवा संशोधन संस्थेतून आणलेला शुद्ध स्टॉकच वापरा.

तपासा: मादीच्या पोटाचं टोक निमुळतं आणि पट्टेदार, नराचं बोथट आणि काळं. नराच्या पुढच्या पायावर काळा कंगवा असतो. शंका आली की पाय बघा.

२. तीन दिवस आधीची तयारी

अर्धी प्रॅक्टिकलं इथेच फसतात. मादी उपाशी असेल तर तिच्या अंडाशयात आठवी-नववी अवस्था दिसत नाही, ते मणी मधेच गळून जातात आणि तयार अंडी तेवढी साचून राहतात. आपल्याला हवा असलेला काळ नेमका तोच.

नेहमीचं खाद्य एक लिटरला असं: मक्याचं पीठ ८० ग्रॅम, साखर ४०, ग्लुकोज २०, यीस्ट १५, अगार ८. उकळून साधारण ६० अंशांपर्यंत उतरलं की प्रोपिऑनिक अॅसिड ४ मिलिलिटर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं १ ग्रॅम मिथाइल पॅराबेन. गरमागरम असताना अॅसिड घातलं तर ते उडून जातं आणि चार दिवसांनी बाटलीत बुरशी येते.

पण खरी गोष्ट पुढे आहे. कोषातून निघून एक-दोन दिवस झालेल्या माद्या ताज्या बाटलीत टाका, सोबत नर सोडा आणि खाद्यावर ओल्या यीस्टचा ठिपका ठेवा. कोरडं यीस्ट पाण्यात कालवून शेंगदाण्याच्या चटणीइतकं घट्ट. पातळ झालं तर माश्या त्यात चिकटून मरतात. ठिपका रोज ताजा. असे दोन-तीन दिवस, २५ अंश सेल्सिअसला.

तापमानाबद्दल आपल्या हवेत जरा जास्त जागरूक राहावं लागतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र दहाच्या खाली जाते, निफाडकडे त्याहून खाली. टेबलावरची बाटली रात्रभर गारठली तर सगळं मंदावतं. १८ अंशांना पिढी पूर्ण व्हायला २५ अंशांच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. मे महिन्यात उलटं, तिशीच्या वर नर वांझ होतात. बीओडी इन्क्युबेटर (ठरलेलं तापमान राखणारं कपाट) असेल तर भांडण करून त्यात एक कप्पा मिळवा. नसेल तर निदान रोजचं तापमान वहीत लिहा, कारण दोन बॅचची तुलना करताना तेच आठवत नाही.

तपासा: मादीचं पोट फुगून टम्म, पांढरट दिसतंय का? सपाट असेल तर आजचं डिसेक्शन उद्यावर ढकला.

३. टेबल मांडणं

माशी बेशुद्ध केल्यावर सामान शोधत बसू नका. आधी मांडून ठेवा: पाच नंबरचे दोन चिमटे, काळ्या तळाची डिसेक्शन डिश, इन्सुलिनच्या सिरिंजच्या दोन सुया, पीबीएस (पेशींना सोसेल असं मिठाचं द्रावण), ताजं ४ टक्के फॉर्माल्डिहाइड, टोक कापलेल्या पिपेट टिप.

टिपचं टोक कापायचं ते छिद्र रुंद व्हावं म्हणून; बारीक छिद्रातून ओव्हॅरिओल ओढला की पिळवटतो. अंडाशय प्लास्टिकलाही चिकटतो. टिपमधून आधी थोडं बीएसए (एक प्रथिन) किंवा ट्रायटन (एक डिटर्जंट) घातलेलं पीबीएस खेचून सोडून द्या.

सावधान: कपाटातलं जुनं फॉर्मॅलिन वापरू नका. त्यात मिथेनॉल असतं आणि मिथेनॉलनं अॅक्टिनवरचा फॅलॉइडिनचा रंग बिघडतो. मिथेनॉल नसलेलं पॅराफॉर्माल्डिहाइड घ्या आणि फ्यूम हूडमध्ये हातमोजे घालूनच हाताळा.

४. अंडाशय बाहेर काढणं

कार्बन डायऑक्साइडनं किंवा बर्फावर ठेवून माशी झोपवा. एका वेळी तीन-चारच. एका चिमट्यानं छाती धरा, दुसऱ्यानं पोटाच्या शेवटच्या टोकाची नुसती कातडी पकडा आणि पीबीएसमध्ये हलकेच मागे ओढा. ओढण्यात झटका नको, केळं सोलल्यासारखी एकसंध ओढ हवी. आतडं, मालपिघी नलिका आणि तांदळाच्या कणीएवढे दोन पांढरेशुभ्र अंडाशय सोबत येतात. आतडं बाजूला करा.

साध्या नळाच्या पाण्यात हे करू नका. पाणी पेशींत शिरतं, मणी फुगतात आणि ज्या आकारासाठी एवढा खटाटोप, तोच बदलतो.

आता ओव्हॅरिओल मोकळे करायचे. अंडाशय मागच्या बाजूनं, जिथे मोठी अंडी आहेत तिथे, चिमट्यानं धरा. दुसऱ्या हातातली सुई पुढच्या टोकाकडून आत घाला आणि गुंता झालेल्या केसांत फणी फिरवावी तसे पदर वेगळे करा. सुई मण्यांच्या मधून गेली पाहिजे, मण्यावरून नाही. या पायरीवर घाई करणाऱ्यांच्या स्लाइडवर मणी दिसतात सगळे, पण फॉलिकल पेशींचा थर जागोजागी खरवडलेला असतो.

प्रत्येक ओव्हॅरिओलभोवती स्नायूंची पातळ पिशवी असते. ती पूर्ण निघाली तर उत्तम, पण तिच्यासाठी हट्ट धरून मणी दाबू नका. ती राहिली तर काय गोंधळ होतो ते पुढे सांगते.

तपासा: माशी फाडल्यापासून फिक्सेटिव्हमध्ये, म्हणजे फॉर्माल्डिहाइडमध्ये, जाईपर्यंत १५-२० मिनिटांहून जास्त नको. दहा माश्या एकदम करायला गेलात तर पहिलीचा अंडाशय पीबीएसमध्ये पडून पडून खराब होतो.

५. फिक्सेशन आणि रंग

४ टक्के फॉर्माल्डिहाइडमध्ये २० मिनिटं, खोलीच्या तापमानाला. नंतर ट्रायटन घातलेल्या पीबीएसनं (०.१ ते ०.३ टक्के) तीनदा, दर वेळी दहा मिनिटं. द्रव काढताना अंडाशय आधी तळाशी बसू द्या. सेंट्रिफ्यूज नको म्हणजे नकोच, एकदा फिरवला की सगळे मणी एकमेकांवर चेपतात.

मग फॅलॉइडिन, अर्धा ते दोन तास, नळीला अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळून. हा रंग अॅक्टिनला बसतो. शेवटी डॅपी दहा मिनिटं, केंद्रकांसाठी. पुन्हा तीनदा धुवा.

अॅसिटोकारमाइनवर भागवता येईल का, असं हमखास विचारतात. केंद्रकं दिसतील. पण आम्लामुळे पेशींचा आकार बदलतो, तेव्हा त्या स्लाइडवर लांबी-रुंदी मोजू नका.

६. कव्हरस्लिप: सगळ्यात मोठा चोर

तयार अंड्याची जाडी साधारण ०.१८ मिलिमीटर. कव्हरस्लिपच्या एका तुकड्याची जाडी सुमारे ०.१५. म्हणजे दोन्ही बाजूंना आधार म्हणून एकेक तुकडा ठेवला तरी अंडं ०.०३ मिलिमीटर दबतंच. आणि आधार नसेलच तर? मणी चपटा होतो, वरून बघताना रुंद दिसतो, लांबी-रुंदीचं गुणोत्तर घसरतं आणि कुणीतरी "मॅडम, गोल अंडी" म्हणत धावत येतं.

तेव्हा असं करा. स्लाइडवर ग्लिसरॉल किंवा माउंटिंग मीडियमचा थेंब, त्यात ओव्हॅरिओल. चौदाव्या अवस्थेची टणक अंडी सुईनं बाजूला काढा, त्यांची वेगळी स्लाइड करा. लहान मण्यांच्या स्लाइडला आधाराचा एक थर, तयार अंड्यांच्या स्लाइडला दोन. कव्हरस्लिप एका कडेनं टेकवत सावकाश सोडा, कडा नेलपॉलिशनं बंद करा. जादा द्रव टिपायला टिश्यू लावायचा तर कडेलाच. वरून बोट दाबलं की संपलं.

तपासा: कमी पॉवरखाली फोकस वर-खाली फिरवा. मण्याची वरची आणि खालची बाजू वेगवेगळ्या पातळ्यांवर स्पष्ट होत असेल तर मणी फुगीर आहे. सगळं एकाच पातळीत दिसलं तर चेपलाय, स्लाइड बाद.

७. अवस्था ओळखणं

इथे हुशार मुलंही गोल फिरतात. मणी लांबट दिसला म्हणून "नववी अवस्था" म्हणायचं आणि मग नवव्या अवस्थेतले मणी लांबट असतात असा निष्कर्ष काढायचा! आकार अभ्यासायचा असेल तर वय आकारावरून ठरवायचं नाही. आतल्या खुणांवरून ठरवा.

पाचव्या अवस्थेपर्यंत नर्स सेलच्या केंद्रकांत डॅपीचे जाड गोळे दिसतात, सहाव्यात ते विरघळल्यासारखे पसरतात. त्याच सुमारास फॉलिकल पेशींचं विभाजन थांबतं. तोवर त्या आठशेच्या घरात गेलेल्या असतात. पुढे संख्या वाढत नाही, प्रत्येक पेशी आपल्या केंद्रकातला डीएनए तेवढा वाढवत जाते, म्हणून केंद्रकं मोठी होतात. आठव्यात ऊसाइटमध्ये बलक दिसू लागतो.

नववी अवस्था शांतपणे बघा, घाई करू नका. थरातल्या पन्नासेक पेशी पसरून पापडासारख्या पातळ होतात आणि नर्स सेलना झाकतात. उरलेल्या सगळ्या मागे सरकून ऊसाइटवर दाटीवाटीनं उभ्या राहतात. त्याच वेळी पुढच्या टोकावरून सहा ते दहा पेशींचा एक पुंजका सुटतो आणि नर्स सेलच्या मधून वाट काढत पाच-सहा तासांत ऊसाइटपाशी पोचतो. या बॉर्डर पेशी. शुक्राणू जिथून आत शिरतो ते छिद्र घडवण्यात पुढे यांचाच हात असतो. पुंजका अर्ध्या वाटेवर असेल तर मणी नवव्यात आहे, पोचला असेल तर दहाव्यात. दहाव्यात ऊसाइटनं अर्धा मणी व्यापलेला असतो.

आता अॅक्टिनचे आडवे पट्टे. फोकस मण्याच्या मधोमध ठेवून "पट्टे नाहीत" असं लिहिलेली जर्नल मी डझनानं परत केली आहेत. पट्टे पेशींच्या तळाला असतात, आणि या थराचा तळ म्हणजे मण्याची सगळ्यात बाहेरची बाजू. कव्हरस्लिपकडून खाली येताना मणी दिसू लागतो त्या पहिल्याच पातळीवर थांबा. लांबीच्या अक्षाला काटकोनात, सगळ्या पेशींत एकाच दिशेनं बारीक रेघा दिसतील.

सावधान: स्नायूंची पिशवी राहिली असेल तर तीही फॅलॉइडिननं झगझगते, आणि तिलाच अॅक्टिनचे हे पट्टे समजून फोटो काढले जातात. फरक सोपा आहे. स्नायूच्या धाग्यावर ठरावीक अंतरानं पट्टेपट्टे असतात आणि एकेक धागा अनेक पेशी ओलांडून शेजारच्या मण्यावरही जातो. फॉलिकल पेशींच्या रेघा पेशीच्या हद्दीत थांबतात.

आणि फिरणं? ते या स्लाइडवर दिसणार नाही. फिक्स केलेला मणी फिरत नसतो. त्यासाठी जिवंत मणी इन्सुलिन आणि सीरम घातलेल्या श्नायडर माध्यमात (कीटकांच्या पेशी जगवणाऱ्या द्रवात) ठेवून तासन्‌तास फोटो घ्यावे लागतात. व्हायव्हात "फिरताना पाहिलं" असं ठोकून देऊ नका.

८. फ्लोरेसन्ट मायक्रोस्कोप नसेल तर

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी नसतोच. तरी पेशींनी ठेवलेल्या खुणा साध्या मायक्रोस्कोपखाली दिसतात, आणि मला विचाराल तर पहिल्या वर्षी हाच प्रयोग करावा.

काळ्या द्राक्षांचा रस एक भाग, पाणी तीन भाग, दर १०० मिलिलिटरला ३ ग्रॅम अगार. उकळून छोट्या प्लेटमध्ये ओता. काळी द्राक्षं अशासाठी, की जांभळ्या अगारवर पांढरी अंडी लगेच उठून दिसतात. बागेतली द्राक्षं आणली असतील तर ती फवारलेली आहेत असंच धरून चाला. कोमट पाण्यात चांगली धुवा. एकदा ते न केल्यामुळे सकाळपर्यंत आमच्या सगळ्या माश्या उताण्या पडल्या होत्या. मधोमध यीस्टचा ठिपका ठेवून माद्या प्लेटवर सोडा. अंडी त्याच दिवशी बघायची, कारण २५ अंशांना दिवसभरात अळी बाहेर येते.

ओल्या ब्रशनं अंडं उचला, पाण्याच्या थेंबात ठेवा, आधार लावून झाका आणि कवचाच्या पृष्ठभागावर फोकस करा. षटकोनी चौकटींची जाळी दिसेल. एकेक चौकट म्हणजे एका फॉलिकल पेशीचा ठसा. कवच या पेशींनीच स्रवलेलं असतं. पेशी गळून गेल्या, ठसे राहिले. पुढच्या टोकाला वरच्या अंगाला दोन वल्ह्यांसारखी शिंगं आहेत, ती या थरातल्या पेशींच्या दोन गटांनी नळ्या करून त्यांत ओतून घडवलेली. अंडं ओल्यात बुडालं तर त्यांतून हवा मिळते. शिंगं कुठे यायची ते ऊसाइट ठरवते: ती गुर्केन नावाचं प्रथिन वरच्या बाजूच्या पेशींना पाठवते. हा निरोप कमी पडला तर दोनाऐवजी मधोमध एकच शिंग येतं.

सावधान: भ्रूणाचं प्रॅक्टिकल करणाऱ्यांना अंडी आधी ब्लीचमध्ये बुडवायची सवय असते. इथे तसं केलंत तर दोन मिनिटांत कवच, शिंगं, ठसे सगळं विरघळून जाईल.

९. मोजणं

आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरवर आधी जुळवून घ्या, आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसाठी वेगळी. लांबी मोजताना शिंगं धरायची नाहीत. अंडं कुशीवर आडवं पडलेलं हवं. तिरकं उभं असेल तर लांबी कमी भरते. लांबी भागिले रुंदी. नीट घातलेलं अंडं साधारण अर्धा मिलिमीटर लांब आणि ०.१८ रुंद, म्हणजे गुणोत्तर पावणेतीनच्या आसपास येतं. एका गटाची किमान तीसेक मोजा. पाच-सहा अंड्यांच्या सरासरीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

खरंच गोल अंडी बघायची असतील तर फॉलिकल पेशींत फॅट-२ हे जनुक बंद पाडलेल्या माद्या लागतात. त्याचं दुसरं नाव कुगेलाय, जर्मनमध्ये सरळ अर्थ "चेंडूसारखं अंडं". या माद्यांत मणी फिरतच नाही. त्यांच्यासोबत जनुक चालू असलेल्या माद्याही त्याच तापमानाला, त्याच दिवशी, त्याच यीस्टवर वाढवलेल्या हव्यात.

आणि साध्या स्टॉकमध्ये गोल अंडं सापडलंच तर आधी आधाराचे थर मोजा. मग फोकस वर-खाली फिरवून अंडं फुगीर आहे की चेपलंय ते बघा. मग ते कुशीवर पडलंय की उभं. मग तीच मादी पुन्हा द्राक्षाच्या प्लेटवर सोडा आणि तिची उद्याची अंडी झाकण न ठेवता, स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, अगारवरच मोजा.